विषय सक्तीचा, शिक्षक तासिकेवर

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत ओटीवर चहा घेत बसले असताना माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी विचारलं होतं, "मॅडम, माझा चेडू पावसात सड्यावर फिरता, ता ठीक आसा. पन पुढे काय?"

मुलगी पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प होता कातळसड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट खडकावर, पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांचा. जून ते सप्टेंबर, दर पंधरवड्याला ती कोल्हापूरहून एसटीने फोंडा घाट उतरून गावी यायची. सड्यावर पाण्याचे नमुने घ्यायची. कोणत्या डबक्यात बेडकांची अंडी दिसली, कुठे दीपकाडी फुलली, कुठे सीतेची आसवं उगवली हे वहीत टिपायची आणि बाटल्या बर्फात ठेवून परत निघायची. वडिलांना त्याचं कौतुकच होतं. काळजी वेगळी होती. आंब्याच्या दोन हंगामांचे पैसे तिच्या शिक्षणात गेले होते आणि धाकटा मुलगा बारावीला होता. मी म्हटलं, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा होतील, पीएच.डी. होईल, मग प्राध्यापक होता येईल, शिकवता शिकवता संशोधनही करता येईल. मी स्वतः सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवते आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते न सांगणं मला अजून टोचतं. हा लेख त्या टोचणीतून लिहिते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. एखाद्या भागातल्या पर्यावरणाचा अभ्यास करणारा माणूस आणि तिथल्या मुलांना पर्यावरण शिकवणारा माणूस एकच असला पाहिजे. तो त्या भागातल्याच महाविद्यालयात, कायम पदावर असला पाहिजे. आज आपण अशी माणसं घडवतो, त्यांना पाच-सात वर्षं शिकवतो आणि नेमक्या उपयोगाच्या वेळी रस्त्यावर सोडून देतो. त्यात त्या मुलांचं नुकसान आहेच. त्याहून मोठं नुकसान ज्या नद्या, सडे आणि विहिरी त्यांनी ओळखायला सुरुवात केली होती, त्यांचं आहे.

पर्यावरण हा विषय आपल्याकडे सक्तीचा कसा झाला, हे विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही. ज्येष्ठ वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला आणि पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा असं बजावलं. अंमलबजावणीला पुढे बारा वर्षं गेली. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे शल्यचिकित्सक आणि निसर्ग अभ्यासक डॉ. इराच भरूचा यांनी तयार केलं. अभ्यासक्रम ५० तासिकांचा होता, आणि त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शेवटचा. १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला. मुलांनी आपल्या परिसरातली नदी, टेकडी, शेत, कचऱ्याची जागा पाहावी, त्याची नोंद करावी आणि लिहावं, ही त्यामागची कल्पना. कला शाखेची मुलगी असो की वाणिज्यचा मुलगा, पदवी घेण्याआधी एकदा तरी त्याने गावचा ओढा नीट पाहिलेला असावा. यापेक्षा चांगली शैक्षणिक कल्पना मला माहीत नाही.

प्रत्यक्षात काय झालं, हे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. ज्या प्राध्यापकाचा वर्कलोड कमी भरत होता, त्याच्याकडे पर्यावरण गेलं. कुठे इतिहासाचे सर, कुठे अर्थशास्त्राच्या मॅडम, कुठे जिमखान्याचे संचालक. यात त्यांचा दोष मी धरत नाही. त्यातल्या काहींनी मनापासून शिकवलं. पण क्षेत्रकार्याचं झालं काय? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल, वरचं नाव बदललेलं. 'नदी प्रदूषण : एक अभ्यास' या मथळ्याखाली नदीचं नावच नसलेला प्रकल्प मी तपासलेला आहे. ज्या मुलाने तो दिला, त्याचं घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर होतं.

म्हणून थोडा हिशेब मांडते. २०२३ मध्ये आयोगाने पदवीच्या पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट दिली, त्यात किमान ४ श्रेयांक (क्रेडिट) ठेवले. एका श्रेयांकाला १५ तास धरले तर एका तुकडीला ६० तास होतात. तालुक्याच्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयात तिन्ही शाखा मिळून एका वर्षाच्या आठ तुकड्या सहज असतात. म्हणजे ४८० तास. आता सहायक प्राध्यापकाचा कार्यभार पाहा. आयोगाच्याच नियमांनुसार आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, वर्षाला ३० आठवडे. हेही ४८० तासच. एका पूर्णवेळ माणसाचं काम तिथे आधीच आहे, कागदावर आहे, सक्तीचं आहे. पद तेवढं नाही. मी पाहिलेल्या कोणत्याही महाविद्यालयात हे तास एकत्र धरून पर्यावरणशास्त्राचं मंजूर पद मागितलेलं मला दिसलं नाही. ते तास चुरमुऱ्यांसारखे वाटले जातात, मूठमूठ.

उरलेलं आमच्यासारख्यांकडे येतं. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, आपली ऑर्डर, म्हणजे नेमणुकीचं पत्र, ऑगस्टमध्ये निघते, कधी सप्टेंबरमध्ये. जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मे महिना, सगळं बिनपगारी. बिलं महिनोन् महिने रखडतात. २०१९ मध्ये आयोगाने अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी शिफारस केली होती. दोन महाविद्यालयं मिळून शिकवूनही त्याच्या निम्मे माझ्या हातात कधी आले नाहीत. पैशांपेक्षाही एक गोष्ट मला जास्त लागली. सड्यावरचं सगळं काही जून-जुलैत घडतं. पहिली सर आली की आठवड्याभरात कातळ जागा होतो. नेमके तेच दोन महिने मी कोणत्याही महाविद्यालयाची कुणी नसते. विद्यार्थ्यांना घेऊन जायला मला पत्र देणारं कुणी नाही, प्रयोगशाळेची चावी माझ्याकडे नाही. आम्ही डबकी भरण्याच्या तारखांची नोंद ठेवतो, त्यात एका वर्षाचा रकाना कोरा आहे. त्या वर्षी माझी ऑर्डर सप्टेंबरमध्ये निघाली.

त्या मुलीपुढची वाटही पाहा. पर्यावरणशास्त्राची नेट विद्यापीठ अनुदान आयोगाची. सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेच्या नेटमध्ये हा स्वतंत्र विषयच नाही, तिथे जीवशास्त्र, रसायन किंवा भूविज्ञान यांपैकी एक दार निवडावं लागतं. सगळ्यांचं थोडंथोडं शिकलेल्या मुलीला तिन्ही दारं अर्धवट उघडी. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तम. २०२३ पासून ती महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि तिच्यावर माणूस नीट काम करू शकतो. पण ती मिळते मोजक्यांना. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांनी ग्रामीण भागातल्या अनेक घरांत पहिला संशोधक आणला हे खरंच मोठं काम आहे. त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलनाला बसावं लागतं हेही खरं. बाकीच्यांनी पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा द्यायची, गाईडकडे जागा शोधायची, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, समितीपुढचं सादरीकरण, आणि प्रवास, नमुन्यांची तपासणी, रसायनं हे सगळं स्वतःच्या खिशातून. ज्या घरात खिसाच रिकामा आहे, तिथली मुलं इथे गळतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू असतं. पाच वर्षं लागतील म्हटलं की घरातले लोक वय मोजू लागतात.

हे सगळं पार केलं तरी शेवटी पद हवंच ना! ते नसेल तर ही शिडी भिंतीला टेकलेलीच नाही.

आता सड्याकडे वळते, कारण मुद्दा खरा कळतो तो तिथे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्राकाठापासून आतपर्यंत जांभ्याचे सपाट कातळ पसरले आहेत. उन्हाळ्यात पाहिलं तर काळं, तापलेलं, उजाड रान. सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. पाऊस पडला की त्याच कातळाच्या खोलगट भागांत डबकी भरतात, पातळशा मातीच्या थरावर गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं यांचे गालिचेच्या गालिचे उगवतात. कोकणातली दीपकाडी या सड्यांवरच वाढते आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस पांढरी फुलून जाते. जांभा सच्छिद्र असतो, पाणी मुरवतो, आणि ते मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्यांत नि विहिरींत उतरतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर का लागतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्या उजाड दिसणाऱ्या कातळात आहे.

या सड्यांवर प्रकल्प येतात. मोठे येतात, लहानही येतात, खाणी येतात. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचं मूल्यमापन करावं लागतं. त्यासाठी जागेची मूळ स्थिती साधारणपणे एका हंगामात नोंदवतात, आणि तो हंगाम पावसाळ्याव्यतिरिक्तचा असावा अशी रीत आहे. हवेच्या मोजमापासाठी त्याला कारण असेलही. पण कातळसड्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या माणसाला तिथे वाळलेलं गवत दिसतं, आणि अहवालात तेच जातं. तो माणूस खोटं लिहीत नाही. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. जूनमध्ये तिथे उभा असलेला माणूस त्या गावाजवळ असता, जनसुनावणीच्या दिवशी त्याच्याकडे पाच-सहा वर्षांच्या नोंदींची वही असती, तर गावाला काहीतरी ठोस बोलता आलं असतं. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. तो वाचून, भूजलाचं प्रकरण कोणतं, त्यात आपली विहीर आहे का, हे गावकऱ्यांना समजावून सांगेल असा, कुणाच्याही बाजूने पैसे न घेतलेला माणूस तालुक्यात कोण आहे? माझ्या मते तो महाविद्यालयातला पर्यावरणाचा शिक्षक असायला हवा. तासिकेवरचा शिक्षक अशा ठिकाणी उभा राहायला घाबरतो. मी घाबरले आहे. पुढच्या वर्षीची ऑर्डर कुणाच्या सहीने निघते हे माहीत असलं की जीभ आपोआप जड होते.

आणि हे काम बाहेरून आलेल्या माणसाला तितकं जमत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरचीच काही कलमं कातळावर आहेत. सुरुंग लावून कातळ फोडायचा, खालून आणलेली माती खड्ड्यात भरायची, हापूसचं कलम लावायचं, अशीच ती लागवड झाली. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने अशा लागवडीला बळ दिलं आणि अनेक घरं त्यावर उभी राहिली. तेव्हा फोडलेल्या कातळाजवळची डबकी आणि दूरची डबकी यांत फरक पडतो का, हा प्रश्न तिने घेतला तेव्हा तो तिच्या वडिलांच्या बागेचाही प्रश्न होता. रात्री जेवताना त्यावर बाप-लेकीची चर्चा व्हायची. संशोधनाचा प्रश्न इतका घराच्या आत यायला संशोधक त्या मातीतला असावा लागतो, निदान तिथे वर्षानुवर्षं राहणारा तरी.

हे स्वप्नरंजन नव्हे. सड्यांबद्दल आज जे ज्ञान आहे, त्यातलं बरंचसं शिक्षकांनीच मिळवलेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव आणि गोवा विद्यापीठातले डॉ. एम. के. जनार्थनम यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पश्चिम घाटाचे कडे आणि पठारं वर्षानुवर्षं पायाखाली घातली, विज्ञानाला नव्या असलेल्या अनेक वनस्पतींची नोंद केली. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डमधून १९६९ मध्ये डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये भारतात परतले, तेव्हा पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांसोबत त्यांनी देवराया धुंडाळल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते तीन दशकांहून जास्त काळ राहिले. २०११ च्या पश्चिम घाट अहवालामागे त्या साऱ्या पायपिटीचं संचित होतं. या सगळ्यांची बुद्धी आणि चिकाटी तर होतीच. पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येत होता, पुढच्या वर्षी आपण इथेच असू हे माहीत होतं, आणि म्हणून दहा वर्षं चालणारा प्रश्न हाती घेता येत होता. निसर्गातले बहुतेक महत्त्वाचे प्रश्न दहा वर्षंच मागतात. अकरा महिन्यांच्या करारावर ते सुटत नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप मी अनेक चांगल्या शिक्षकांकडून ऐकला आहे. पर्यावरणाला वेगळा शिक्षक कशाला? इतिहासात जंगल सत्याग्रह शिकवताना, अर्थशास्त्रात ऊस आणि पाणी शिकवताना, मराठीत ग्रामीण कथा शिकवताना पर्यावरण यायलाच हवं. वेगळा विषय केला की तो परीक्षेपुरता उरतो. या म्हणण्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. माझ्या एका सहकारी मॅडमनी बी.ए.च्या मुलांना उसाचं अर्थशास्त्र शिकवताना जे पाणी समजावलं, ते मला जमलं नसतं. पण ओढ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा कसा, पाच वर्षांच्या नोंदी जपायच्या कशा, एका वर्षीचा आकडा विचित्र आला तर चूक उपकरणाची की वर कुणी काही सोडलं, हे सांगायला त्या शास्त्रात मुरलेला माणूस लागतो. तो असला की इतिहासाच्या सरांनाही मदत होते. मराठी सगळेच बोलतात, म्हणून मराठीचा विभाग कुणी बंद करा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. सगळ्याच विषयांची पदं रिकामी असताना पर्यावरणाचे लाड का? लाड नकोच. पण ज्या कामाची गरज शासनानेच कायद्याने मान्य केली आहे, ते काम आज होत नाही हे तरी पाहा. जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांनी मिळून केलेली जैवविविधता नोंदवही ही त्यातली तरतूद. वर्षानुवर्षं काम रेंगाळलं, मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे राज्यांना दरमहा १० लाख रुपयांच्या भरपाईची तंबी दिली. राज्यात ग्रामपंचायतीच जवळपास २८ हजार. मग घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. मी पाहिलेल्या दोन शेजारच्या गावांच्या वह्यांत वनस्पतींची यादी क्रमासकट सारखी होती. एका गावात सडा आहे आणि दुसऱ्यात नाही.

नद्यांचं वेगळं सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात प्रदूषित नदीपट्टे ३११, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. आणि देशभरातल्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांची जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याचं हरित लवादापुढे आलं आहे. एकीकडे मोजायला माणूस नाही, दुसरीकडे मोजायला शिकलेली मुलं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसून चालू घडामोडी पाठ करताहेत.

क्षेत्रकार्याच्या त्या २५ गुणांकडे पुन्हा येते. आठ तुकड्यांची सहाशे मुलं, पाच-पाचांचा गट, म्हणजे एका महाविद्यालयात वर्षाला १२० प्रकल्प. ते एकाच ओढ्यावर, एकाच पाणलोटावर, ठरवून वाटून दिले, एका माणसाने तपासले, मराठीत लिहिले आणि जपून ठेवले तर दहा वर्षांत १,२०० नोंदी होतात. कोणत्याही सल्लागार कंपनीकडे त्या परिसराची इतकी माहिती असणार नाही. जैवविविधतेची नोंदवही त्यातून भरता येईल, ग्रामसभेत ती वाचून दाखवता येईल. आज हेच कागद दरवर्षी मे महिन्यात रद्दीत जातात. मी ते टेम्पोत भरताना पाहिले आहेत.

म्हणून मागणी एवढीच. विद्यापीठांनी सक्तीच्या पर्यावरण विषयाचे तास एकत्रित कार्यभार म्हणून मोजावेत. जिथे तो भरतो तिथे शासनाने पर्यावरणशास्त्राचं एक पूर्णवेळ पद मंजूर करावं. त्या पदावरच्या माणसाचं संशोधन त्याच्या तालुक्यातलं असावं, आणि पदोन्नतीच्या गुणांत कुठल्याशा नियतकालिकातल्या शोधनिबंधाइतकंच वजन गावाला दिलेल्या मराठी अहवालालाही असावं. जिथे एका महाविद्यालयाचा भार भरत नाही, तिथे शेजारच्या दोघांनी मिळून एक माणूस घ्यावा. हे करायला नवा कायदा लागत नाही. १९९१ चा आदेश पुरेसा आहे.

ती विद्यार्थिनी आता एका औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासते. नोकरी चांगली आहे, ती मन लावून करते, भावाचं शिक्षण तिच्यावर चाललं आहे. पीएच.डी.चा फॉर्म तिने दोनदा भरायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. सड्यावर जायला तिला जूनमध्ये रजा मिळत नाही. तिचे वडील मात्र आता घरामागच्या कातळावर सकाळी फेरी मारतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो पाठवला. जूनच्या एका चौकटीत पेनाने लिहिलं होतं, 'मोठो डबको भरलो.' खाली विचारलं होतं, मॅडम, ह्या खंय लिवून ठेवचा? मी फोटो माझ्या फोनमध्ये ठेवला आहे. दुसरी जागा सध्या माझ्याकडे नाही.